पाच गुंठे, पाच खंड

इतिहास म्हटला की आपल्याकडे पहिल्यांदा घोडा लागतो. घोड्यावर बसलेला माणूस लागतो, त्याच्या हातात तलवार लागते आणि परीक्षेत पाच मार्कांना विचारता येईल अशी एखादी तहाची तारीख लागते. बागेत वाकून गवत उपटणाऱ्या माणसाला इतिहासात प्रवेश नाही. मोगल बादशहांनी बागा केल्या, त्यांची नोंद झाली. पण त्या बागांत प्रत्यक्ष वाकलं कोण, हे काही कुणी लिहून ठेवलं नाही. बादशहाची कंबर धरल्याचा उल्लेख तवारिखांत सहसा सापडत नाही, यावरून जाणकारांनी काय ते ओळखावं.

माझं मत जरा वेगळं आहे. खरा इतिहास जमिनीपासून हातभर उंचीवर घडतो. तो वाचायला गडावर चढावं लागत नाही. खुरपं घेऊन बसावं लागतं. त्यातून ते खुरपं कर्जतच्या बाजूचं असेल आणि महिना चैत्राचा असेल, तर सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत निदान पाचशे वर्षांचा अभ्यासक्रम सहज पुरा होतो. वर कंबरही धरते, म्हणजे अभ्यास झाल्याची पावती हातोहात.

कर्जत हे गाव बहुतेकांना खिडकीतून माहीत असतं. पुण्याकडे जाणारी गाडी इथं थांबते, घाट चढवण्यासाठी तिच्या पाठीला ढकलणारी इंजिनं लागतात आणि तेवढ्यात प्रवासी वडा घेतो. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली, तेव्हा पुण्याचा प्रवासी तिथं उतरून पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचा. १८६३ मध्ये बोरघाटात रूळ पडले आणि तट्टाची जागा इंजिनानं घेतली. खालापूरचं त्याहून सोपं. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून खालापूर म्हणजे टोलनाका, असं लोक धरून चालतात. पण खिडकी आणि टोलनाका यांच्यामधल्या मुलखात माणसं राहतात, भात पिकवतात आणि अलीकडे निवृत्त झाल्यावर पाच गुंठ्यांचा बिनशेती तुकडा घेऊन त्यात रोपंही लावतात.

आमचा तुकडा असाच. तो जागचा हललेला नाही, पण त्याचा पत्ता सारखा फिरतीवर. कर्जत तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यात गेला. १ जानेवारी १९८१ रोजी त्या कुलाब्याचाच रायगड झाला. सरकारी नोकराच्या इतक्या बदल्या झाल्या असत्या तर त्यानं मंत्रालयात ओळख काढली असती. मातीनं मात्र एकदाही अर्ज केला नाही.

चैत्रातली सकाळ इथं साडेपाचलाच सुरू होते आणि ती दयाळ सुरू करतो. काळा-पांढरा, शेपटी उभी, चेहऱ्यावर मामलेदाराचा भाव. विजेच्या तारेवर बसून तो अर्धा तास जे गातो त्याला कवी लोक प्रेमगीत म्हणतात. ते अर्धसत्य आहे. उरलेलं अर्ध सातबारा आहे. 'या आंब्यापासून त्या पाण्याच्या टाकीपर्यंत जागा माझ्या वहिवाटीची असून इतर नरांनी पाऊल ठेवू नये,' अशी ती जाहीर नोटीस असते. पलीकडच्या बंगल्यातला दयाळ त्यावर हरकत घेतो. ही सुनावणी पाऊस पडेपर्यंत चालते आणि विशेष म्हणजे दोन्ही पक्ष तारखेला हजर असतात.

घरबसल्या असली टेहळणी करण्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकन नावाचे एक साहेब होते. जन्म १८५१ चा आणि तोही साताऱ्याचा, म्हणजे साहेब आपल्या गावाकडचेच. नोकरी जकात आणि मिठाच्या खात्यात. काही काळ ते आपल्या उरणलाही होते. बाकीचे साहेब वाघाच्या मागे रानोमाळ हिंडत असताना एटकनसाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात बसून उंदीर, पाली, मुंग्या आणि कावळे यांचा अभ्यास करीत. त्यावर 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे खुसखुशीत पुस्तक त्यांनी १८८३ मध्ये काढलं. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत आठ माणसं एकत्र जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत एटकन होते, तसे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले डॉक्टरही होते. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे, आणि सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. एवढी कामाची माणसं पाखरांसाठी वेळ काढत होती, हे मी घरात वरचेवर सांगतो. कारण मी दयाळ बघत बसलो की आमच्या सौभाग्यवती विचारतात, "नळाला पाणी आलंय ते दिसतंय का, की त्यालाही पंख लागतात?"

सौभाग्यवती निवृत्त शिक्षिका आहेत. विषय भूगोल. त्यामुळे आमच्या बागेचा इतिहास माझ्याकडे आणि नकाशा त्यांच्याकडे, अशी वाटणी आहे. यंदा चैत्रात एका सकाळी आम्ही दोघं आळी करायला बसलो आणि त्यांना बागेची खानेसुमारी करण्याची हुक्की आली. कुठलं झाड कुठून आलं, त्याची रीतसर यादी.

"मिरची," त्या म्हणाल्या.

"अमेरिका. पोर्तुगिजांनी आणली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. मिरीवरून मिरची."

"काजू?"

"ब्राझील. तेही पोर्तुगीज."

इथं थोडं थांबून सांगायला हवं. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्याच्या पाठोपाठ निघालेल्या काब्राल नावाच्या दर्यावर्दीला आपण विसरतो. हा गृहस्थ १५०० साली हिंदुस्थानला यायला निघाला आणि एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. तिथून निघून सप्टेंबरात तो कालिकतला पोचला. म्हणजे ब्राझील ते हिंदुस्थान ही जलवाहतूक सुरू झाली ती अशी, जाता जाता. पुढच्या शंभर वर्षांत त्या वाटेनं जे जे उतरलं त्यातलं निम्मं आमच्या पाच गुंठ्यांत उभं आहे. अननस आला तो नावासकट आला. पपई आली. पेरू आला, आणि त्याचं नाव पोर्तुगिजांच्या 'पेरा'वरून, म्हणजे नासपतीवरून पडलं असं सांगतात. पेरूला आपण नासपती म्हणतो आहोत हे नासपतीला कळू देऊ नये.

"चिकू?" यादी पुढे सरकत होती.

"मेक्सिकोच्या बाजूचा. त्याच्या चिकापासून ते लोक च्युइंग गम करायचे."

"सीताफळ तरी आपलं म्हणशील की नाही?"

सीताफळ आपलं नाही. रामफळही आपलं नाही. वनस्पतिशास्त्र सांगतं, दोघंही उष्ण अमेरिकेतले. रामाच्या चौदा वर्षांच्या वनवासात हे फळ पदरात पडण्याचा संभव नव्हता. पण कुणीतरी, कुठल्यातरी गावात, ते परदेशी खडबडीत फळ हातात घेतलं, फोडलं, चाखलं आणि त्याला थेट सीतेचं नाव दिलं. त्यासाठी ठराव झाला नाही, समिती बसली नाही. इतक्या झटपट नागरिकत्व मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आमच्या हिनं त्यापुढे 'दक्षिण व मध्य अमेरिका' असं लिहिलं आणि कंसात 'सासर अयोध्या' असं टाकलं.

मग फुलांची पाळी आली आणि तिथं घरातल्या धर्मकृत्यांना धक्का बसला. ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही तो मेक्सिकोचा. तिथं तो मृतांच्या सणाला लागतो. देवळापुढचा चाफा, ज्याला आपण देवचाफाच म्हणतो, तोही अमेरिकेचा. उपवासाचं तर बोलायलाच नको. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, सगळे अमेरिकेचे. ज्या दिवशी आपण ऋषिमुनींच्या वाटेनं जातो म्हणतो, नेमकं त्या दिवशी आपलं ताट ब्राझीलहून येतं. वांगं बिचारं इथलंच, पण चातुर्मासात त्यालाच बंदी.

दहाच्या सुमारास शेजारचे निवृत्त अभियंता स्टेशनावरून गरम वडे घेऊन आले. कर्जतचा वडा म्हणजे आमचा मानबिंदू. खाता खाता खानेसुमारी वड्यावर घसरली. आतला बटाटा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, पाव पोर्तुगिजांचा, हिंग अफगाणिस्तानाकडचा. "मग यात कर्जतचं काय?" अभियंत्यांनी विचारलं. "भूक," आमची ही म्हणाली. "आणि हळद आपली." अभियंत्यांनी हळदीच्या सन्मानार्थ आणखी एक वडा घेतला.

फाटकावरची बोगनवेल तेव्हा पानोपान पेटली होती. तिच्यावर शिंजीर उलटा लोंबकळून बारीक पांढऱ्या फुलांत चोच खुपसत होता. या वेलीला ज्याचं नाव आहे तो बोगनव्हिल हा फ्रेंच आरमारी सरदार. १७६६ मध्ये तो जगप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या ताफ्यात कोमर्सो नावाचा वनस्पतितज्ज्ञ होता. १७६७ मध्ये ब्राझीलमधल्या रिओजवळ ही वेल त्याच्या हाती लागली आणि त्यानं तिला सेनापतीचं नाव देऊन टाकलं. पण कोमर्सोचा पाय सारखा दुखायचा. डोंगरदऱ्यांत हिंडून झाडं गोळा करायचा तो त्याचा पोरगेला नोकर, आणि तो नोकर मुळी पुरुष नव्हताच. झान बारे नावाची ती शेतकऱ्याची मुलगी होती. फ्रेंच जहाजांवर बायकांना मनाई, म्हणून ती पुरुषाच्या वेशात चढली होती. वेल बहुतेक तिनंच वेचली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पुढे ती मायदेशी परतली आणि पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली स्त्री ठरली. फ्रेंच सरकारनं तिला निवृत्तिवेतनही दिलं.

"म्हणजे सामान वाहिलं तिनं, शोध लावला यानं आणि नाव लागलं तिसऱ्याचं," सौभाग्यवती म्हणाल्या. "पेन्शन तरी मिळाली म्हणायची." यावर मी काही बोललो नाही. पाण्याची झारी उचलून जागेवर ठेवली.

दुपारी बाग सामसूम होते. ऊन चढलं की दयाळाचं न्यायालय उठतं आणि तांबट कामाला लागतो. दिसत नाही, पण भांड्यावर हातोडी मारल्यासारखा टुक टुक टुक असा एकसुरी आवाज करीत बसतो. कुंपणाच्या निलगिरीवर एक सरडा मान लालभडक करून दंड काढत असतो. झाड ऑस्ट्रेलियाचं, त्याचं मराठी नाव तमिळनाडूच्या डोंगराचं आणि त्यावरचा पहिलवान कर्जतचा. गुलमोहर मादागास्करचा, म्हणजे आफ्रिका झाली. मोगरा, तुळस, आंबा, कढीलिंब आपल्या बाजूचे, म्हणजे आशिया. उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका मिळून दोन. ऑस्ट्रेलिया धरून पाच. आमच्या हिनं यादीखाली बेरीज केली आणि रेघ मारली. पाच गुंठ्यांत पाच खंड. दर गुंठ्याला एक, म्हणजे वाटपही न्याय्य.

ताडावर सुगरणीचे गेल्या पावसाळ्यातले रिकामे खोपे वाऱ्यावर हलत होते. याच जिल्ह्यात अलिबागजवळ किहीमला सालिम अली यांनी १९३० मध्ये या पक्ष्याचा अभ्यास केला. त्या वेळी त्यांची नोकरी गेलेली होती आणि हाताशी भरपूर वेळ होता. त्यांना असं दिसलं की नर अर्धाच खोपा विणतो आणि थांबतो. मादी येते, आत शिरते, विणकाम ओढून बघते. पसंत पडलं तर ती ताबा घेते आणि मग तो पुढचं बांधकाम करतो. ते संपलं की हा पठ्ठ्या लगेच दुसऱ्या खोप्याच्या पायाभरणीला. घराला मराठीत सुगरणीचं घर म्हणतात, बांधतो सुगरण्या. वर झान बारेची गोष्ट झाली, तिचा हिशेब इथं थोडा चुकता होतो, असं मी आपलं हळूच सुचवून पाहिलं.

या सगळ्या पाखरांना आमच्या यादीचं काही सोयरसुतक नाही, हे मात्र खरं. बुलबुलाला पपई पिकली एवढंच कळतं. शिंजिरानं बोगनवेलीला कधी विचारलं नाही की बाई, तू रिओची का? लिंबाच्या रोपावर एक अळी दिवसाढवळ्या पानं फस्त करीत होती. तिला मारायला उचललेला हात मी खाली घेतला, कारण ती ब्लू मॉरमॉनची असण्याचा संभव होता. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू केलं. असं राज्य फुलपाखरू जाहीर करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राजमान्य अळी म्हटल्यावर लिंबानं थोडा त्याग करायला हरकत नसावी.

तेव्हा मला वाटतं, झाड कुठून आलं याला फारसा अर्थ नाही. कुणाच्या उपयोगी पडलं याला आहे. चारशे वर्षं पोटाला घातलं की सीतेचं नाव मिळतं. आणि नुसती जागा अडवली की घाणेरी नाव पडतं. ती घाणेरीही अमेरिकेचीच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या सरकारी बागेत आणली. तिथून कुंपण ओलांडून तिनं जी रानं व्यापली ती अजून सोडलेली नाहीत. साहेबाच्या शोभेची किंमत आपली रानं अजून हप्त्यानं फेडताहेत.

आपल्याकडच्या जुन्या राज्यकर्त्यांना झाडाची ही दुसरी बाजू ठाऊक होती. इथून जवळच, खालापूर तालुक्यातल्या चावणी गावापाशी उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज घाट उतरून त्या दाट झाडीत शिरली, आणि शिवाजीमहाराजांच्या थोड्या माणसांनी तिला अशी कोंडली की खानाला खंडणी भरून, सामान टाकून परत फिरावं लागलं. त्या लढाईत निम्मं काम तिथल्या रानानं केलं. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं, त्यात झाडांची स्वतंत्र व्यवस्था आहे. आरमाराला लाकूड हवं, पण रयतेच्या आंब्याफणसांना हात लावायचा नाही. का, तर ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड फारच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं. घोड्यावर बसलेल्या राज्यानं झाडाखाली वाकलेल्या माणसाची एवढी चौकशी केली, ही माझ्या लेखी त्या ग्रंथातली सर्वांत मोठी लढाई.

चार वाजता कातकरवाडीतल्या मावशी आल्या. आठवड्यातून दोनदा त्या निंदणीला येतात. मी उपटून टाकलेल्या ढिगापाशी त्या आधी जातात आणि त्यातली घोळ निवडून ओट्यात घेतात. "ही टाकतां काय भाऊ? भाजी हाय ती." मी उपटायची आणि त्यांनी निवडायची, अशी आमची कामाची वाटणी ठरून गेलेली आहे. आमच्या यादीत पाच खंडांची पंचवीस नावं झाली होती. मावशींना कुंपणाच्या आतबाहेर त्याहून कितीतरी अधिक ठाऊक आहेत, आणि प्रत्येकापुढे 'कुठून आलं' याऐवजी 'कशाला लागतं' हा रकाना भरलेला आहे. हे ताप उतरवतं, हे मासे गुंगवतं, हे दुष्काळात खायचं, ह्याच्या वाटेला जायचं नाही. बोगनवेलीकडे बघून त्यांनी एकदाच विचारलं होतं, "ह्याला फल काय येतं?" काही येत नाही म्हटल्यावर त्यांनी तो विषय बंद केला.

कोपऱ्यात एक खैर आहे. तो आम्ही लावलेला नाही, तुकडा घेतला तेव्हाही होता. मावशी पाणी प्यायला नेहमी त्याच्याच खाली बसतात, सावली विरळ असली तरी. "आमचं नाव याच्यावरनंच," त्या म्हणाल्या. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत उकळायचे, आटवायचे आणि त्याचा कात पाडायचा, तो विड्यात रंगतो. हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा ते कातकरी. १८७८ मध्ये इंग्रज सरकारनं वनकायदा केला, रानं राखीव झाली आणि खैराला हात लावणं हा गुन्हा झाला. धंदा गेला, नाव राहिलं. आज महाराष्ट्रात जे तीन समाज सरकारदरबारी विशेष असुरक्षित आदिम म्हणून गणले जातात त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत.

"आज वाडी अगदी शांत वाटतेय," सौभाग्यवती चहा देता देता म्हणाल्या.

"मानसंच कुठं हायेत, ताय? सगली भट्टीवर." दिवाळीनंतर वाडीतली तरणी माणसं पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात, कुणी कोळसा पाडायला जातात, आगाऊ घेतलेले पैसे फिटेपर्यंत आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत तिकडेच. वाडीत राहतात म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली दोन-चार नातवंडं. सकाळपासून तांबटाचा टुक टुक एवढा स्वच्छ ऐकू येत होता, त्याचं निम्मं कारण हे होतं. चैत्रातल्या शांततेची तारीफ करणाऱ्या पाहुण्यांना आम्ही आताशा हे सांगतो. पाहुणे मान हलवतात आणि पुन्हा वडा घेतात.

उठताना मावशींनी सीताफळाचं एक रोप मागितलं. बिया पडून दरवर्षी चार-पाच उगवतात, त्यातलं बरं बघून मी मुळासकट काढलं. त्यांनी बरोबर तेलाचा रिकामा डबा आणला होता, तळाला भोकं पाडून.

"मावशी, डब्यात किती दिवस जगेल? सरळ दारात लावा की."

"दार आपलं कुठं हाय?" त्या सहज म्हणाल्या. त्यांची वाडी दुसऱ्याच्या जमिनीवर आहे. या तालुक्यांतल्या कितीतरी कातकरीवाड्या तशा आहेत. मालकानं जमीन विकली, नव्या मालकानं कुंपण घातलं, की घर उचलायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अशा समाजांसाठी पीएम जनमन योजना काढली आहे, तिच्यात पक्की घरं आहेत. पण घर बांधायला आधी जागा लागते आणि जागेला कागद लागतो. मेक्सिकोच्या झेंडूला आपण दाराचं तोरण केलं. ज्यांच्या नावातच इथलं झाड आहे, त्यांचा दाराचा कागद अजून व्हायचा आहे.

"डब्यात असलं म्हंजी बरं," मावशी माती दाबत म्हणाल्या. "उठवलं तर उचलून नेता येतं."

आमच्या हिनं विचारलं, "फळ कधी धरेल?"

"तीन-चार पावसांनी." डबा त्यांनी कमरेवर घेतला, लेकरू घेतात तसा, आणि घोळीचं गाठोडं दुसऱ्या हातात. कुंपणावर सातभाईंचं भांडण रंगात आलं होतं. लांब स्टेशनात गाडीच्या पाठीला इंजिन लागल्याचा धक्का ऐकू आला. मावशी फाटकापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "तलाठी भाऊ येतान ना तुमच्याकडं कधीमधी? आले म्हंजी एवढं इचारा."

तलाठी भाऊ गुरुवारी येतात. यादीच्या शेवटी सौभाग्यवतींनी ते लिहून ठेवलं आहे, पाच खंडांच्या बेरजेखाली, लाल शाईनं.